पाव, मत आणि पासबुक

फ्रान्सची बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अत्तराची नाजूक बाटली, उंच टाचांचे बूट, केसांची झोकदार ठेवण आणि हातात कॉफीचा कप. सिनेमा आणि जाहिरातींनी हे चित्र आपल्या मनात इतकं पक्कं बसवलंय की पॅरिसहून कुणी आलं की आपला पहिला प्रश्न सेंटचाच असतो! पण मैत्रिणींनो, दुकानांच्या रस्त्यानं आज आपण जायचंच नाही. काही चौक, काही पुतळे, एक राजवाडा, एक खानावळ असं हिंडत हिंडत, तिथल्या तुमच्या-आमच्यासारख्या संसारी बायकांना काय आणि केव्हा मिळालं ते पाहू या. पायांत चपला मात्र चांगल्या घाला. चालायचं पुष्कळ आहे.

चौकातली बाई

सुरुवात करू या प्रजासत्ताक चौकापासून. चौकाच्या मधोमध उंच चौथऱ्यावर ब्राँझची एक भव्य स्त्री उभी आहे. तिचं नाव मारियान. या नावाची खरी बाई कोणी होऊन गेली म्हणून हा पुतळा आहे, असं नाही. आपल्याकडे जशी भारतमाता, तशी ही फ्रान्सच्या प्रजासत्ताकाची मूर्ती. १८८३ साली तिचं अनावरण झालं. उजव्या हातात शांततेची ऑलिव्हची फांदी आणि डावा हात एका पाटीवर टेकलेला. त्या पाटीवर शब्द आहेत, 'माणसाचे हक्क'.

आता गंमत पाहा. फ्रेंच भाषेत 'ओम' या शब्दाचे अर्थ दोन. एक माणूस आणि दुसरा पुरुष. आपल्याकडेही खेड्यातली बाई नवऱ्याला 'माझा माणूस' म्हणते आणि स्वतःला 'बाईमाणूस', तसंच काहीसं. २६ ऑगस्ट १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रसभेनं 'माणसाच्या हक्कांचा' जाहीरनामा संमत केला, तेव्हा त्यातला 'ओम' म्हणजे नेमका कोण, हे कुणी उघडपणे विचारलं नाही. आणि त्या एका शब्दाच्या दोन अर्थांत बायका दीडशे वर्षं अडकून पडल्या!

पावासाठी पायपीट

इथून मेट्रोत बसलं की तिसऱ्या थांब्यावर 'ओतेल द व्हील' येतं. नावावरून हॉटेल समजू नका हं. ही पॅरिसची नगरपालिका. आजची इमारत एकोणिसाव्या शतकातली आहे, जुनी १८७१ च्या धामधुमीत जळाली. पण जागा तीच. याच चौकात ५ ऑक्टोबर १७८९ च्या सकाळी बायका गोळा झाल्या. बाजारात मासळी विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, धुणं धुणाऱ्या. शहरात पाव मिळत नव्हता. मिळाला तर परवडत नव्हता. कष्टकरी घरात त्या काळी पाव म्हणजेच जेवण. निम्म्याहून अधिक मजुरी एकट्या पावावर उडायची. घरात पोरं भुकेली असली की आधी कुणाच्या पोटात कालवतं, हे तुम्हांला सांगायला नको.

नगरपालिकेतून त्यांनी हत्यारं घेतली, तोफा ओढत बाहेर काढल्या आणि निघाल्या व्हर्सायला, राजाकडे. अंतर वीस किलोमीटर. वरून पाऊस. अंगावरचे घागरे चिखलानं भरले, तरी हजारो बायका संध्याकाळपर्यंत राजवाड्याच्या दाराशी पोचल्या. त्यांच्यातल्या काही जणींना सोळाव्या लुईपुढे नेण्यात आलं. राजानं धान्य पाठवायचं कबूल केलं. एवढंच नाही, आजवर ज्या जाहीरनाम्याला तो संमती देत नव्हता, तीही त्यानं त्याच रात्री दिली. म्हणजे 'माणसाच्या हक्कां'वर राजाची मान डोलली ती या बायकांच्या पायपिटीमुळे! दुसऱ्या दिवशी पहाटे जमाव राजवाड्यात घुसला, झटापटीत पहारेकरी मारले गेले, आणि दुपारी राजा-राणी-राजपुत्र यांना घेऊन मिरवणूक पॅरिसला परतली. बरोबर पिठाच्या गाड्या होत्या. फ्रान्सचे राजे पुन्हा कधी व्हर्सायला राहायला आले नाहीत.

आज पॅरिसहून लोकल गाडीनं तासाभराच्या आत व्हर्सायला जाता येतं. आरसेमहालातले ३५७ आरसे पाहून डोळे दिपतात. पण तिथं उभ्या राहाल तेव्हा त्या ओल्याचिंब बायकांचीही आठवण काढा.

आणि हो, 'पाव नाही तर केक खा' असं राणी मारी आंत्वानेत म्हणाली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिनं तसं म्हटल्याचा पुरावा काही नाही. रूसोच्या आत्मचरित्रात एका निनावी राजकन्येच्या तोंडी तसलं वाक्य आहे. त्यानं तो भाग लिहिला तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियातली एक लहान मुलगी होती. उधळी ती होती खरी. पण न बोललेलं वाक्यही तिच्या नावावर चिकटलं ते चिकटलंच. परक्या घरातून आलेल्या सुनेच्या माथी काय काय मारलं जातं, हे आपल्याला नवं नाही!

फासावर जाते, तर सभेत का नाही?

राजाला आणून ठेवलं त्या त्युइलरी राजवाड्याची आता फक्त बाग उरली आहे. बागेतून सरळ चालत गेलं की कॉन्कॉर्द नावाचा प्रचंड मोठा चौक लागतो. कारंजी उडत असतात, मोटारींची वर्दळ असते. १७९३ मध्ये इथं गिलोटिन उभं होतं. १६ ऑक्टोबरला राणीचं मस्तक इथं उडवलं. आणि त्यानंतर अठरा दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, आणखी एका बाईचं. तिचं नाव ओलँप द गूझ.

ही १७४८ साली दक्षिणेकडच्या माँतोबाँ गावी जन्मली. लहान वयात लग्न, लगेच वैधव्य. पॅरिसला येऊन ती लिहायला लागली. तिनं नाटकं लिहिली, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लिहिलं. १७९१ मध्ये तिनं एक साधी पण धीट गोष्ट केली. 'माणसाच्या हक्कां'चा जाहीरनामा समोर घेतला आणि त्याच्या सतरा कलमांच्या जोडीला बाईच्या हक्कांची सतरा कलमं लिहून काढली. तिचा मुद्दा असा की गुन्हा केला तर बाईला फासावर चढवता ना, मग सभेच्या व्यासपीठावर चढायचा हक्कही तिला असला पाहिजे. जाहीरनाम्याच्या शेवटी तिनं नवरा-बायकोच्या कराराचा एक नमुनाही जोडला होता. मिळकत दोघांची, असा.

राज्य कोणत्या पद्धतीचं हवं ते लोकांनाच विचारा, अशी भित्तिपत्रकं तिनं काढली म्हणून तिला मृत्युदंड झाला. त्याच्या चारच दिवस आधी बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी घातली गेली होती. पावासाठी राजाला खेचून आणणाऱ्या बायकांना चार वर्षांत सांगण्यात आलं, आता घरी जा.

चौकातून सीन नदीवरचा पूल ओलांडला की समोरच फ्रान्सची लोकसभा आहे. २०१६ साली तिथं ओलँपचा अर्धपुतळा बसवला. एका बाईचा अर्धपुतळा त्या इमारतीत येण्याची ही पहिलीच वेळ. चौकापासून सभागृहापर्यंत अंतर एका पुलाचं, पण तिला लागली २२३ वर्षं!

लग्नाच्या दिवशी वाचून दाखवलेलं कलम

फ्रान्समध्ये लग्न कायदेशीर व्हायचं तर ते नगरपालिकेतच लागावं लागतं. चर्चमध्ये जायचं तर नंतर जा. महापौर किंवा त्यांचा सहकारी तिरंगी पट्टा लावून उभा राहतो आणि वधूवरांना विवाहाची कलमं वाचून दाखवतो. ही पद्धत नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यापासूनची. आणि त्या कायद्यात एक कलम होतं, २१३ वं. नवऱ्यानं बायकोचं रक्षण करावं, बायकोनं नवऱ्याची आज्ञा पाळावी.

डोळ्यांसमोर आणा. नगरपालिकेचा तो दिवाणखाना. पुढे प्रजासत्ताकाच्या काळात भिंतीपाशी मारियानचा पुतळा आला. दरवाज्यावर 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' हे शब्द आले. आणि त्या स्वातंत्र्यदेवीच्या साक्षीनं नव्या नवरीला ऐकवलं जात होतं की आजपासून तुझं स्वातंत्र्य संपलं! १९३८ पर्यंत हे कलम कायद्यात होतं.

नुसती आज्ञा पाळून भागत नव्हतं. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नव्हता, मालमत्ता विकता येत नव्हती, कोर्टात जाता येत नव्हतं. कायद्याच्या लेखी ती अज्ञान मुलासारखी. हुंडा आपल्याकडेच असं आपल्याला वाटतं, पण फ्रेंच मुलीचे आईबापही 'दॉत' म्हणजे हुंडा देत. तो तिच्या नावानं दिलेला असला तरी कारभार नवऱ्याच्या हाती. बायकोचा व्यभिचार घटस्फोटाला पुरेसा होता. नवऱ्याचा मात्र तेव्हाच, जेव्हा त्यानं दुसरी बाई राहत्या घरातच आणून ठेवली असेल. आणि १८१६ ते १८८४ घटस्फोटच बंद!

एक विधवा, एक स्वयंपाकीण

मग या काळात कोणत्या फ्रेंच बायका स्वतःच्या हिमतीवर मोठ्या झाल्या? ते पाहायला पॅरिसच्या बाहेर दोन ठिकाणी जाऊ या.

पहिलं ठिकाण रँस. जलद गाडीनं पाऊण तास. हा शँपेनचा मुलूख. इथल्या एका प्रसिद्ध बाटलीच्या पिवळ्या चिठ्ठीवर 'व्हव्ह क्लिको' असं नाव असतं. 'व्हव्ह' म्हणजे विधवा. बार्ब-निकोल क्लिको १८०५ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात एक मुलगी. तिनं नवऱ्याचा धंदा हाती घेतला. शँपेनच्या बाटलीत साका राहायचा, पेय गढूळ दिसायचं. तिच्या तळघरात टेबलाला भोकं पाडून बाटल्या उलट्या लावायची युक्ती निघाली. रोज थोड्या थोड्या फिरवल्या की साका बुचापाशी जमतो आणि काढून टाकता येतो. ही पद्धत मग सगळ्या मुलखानं उचलली. १८१४ मध्ये लढाई संपतेय न संपतेय तोच तिनं आपला माल रशियाकडे रवाना केला, इतर व्यापारी जागे व्हायच्या आत! १८६६ मध्ये ती वारली तेव्हा तिचं नाव देशोदेशी पोचलं होतं.

कर्तबगारी तिचीच, यात शंका नाही. पण कायदा असा होता की विधवेला आणि सज्ञान अविवाहितेला सही करता येत होती. फक्त नवरा असलेल्या बाईला येत नव्हती. नवरा असताना जी बाई कायद्यानं अजाण, ती तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शहाणी! आपल्या आज्यांच्या काळी विधवेचं काय होत होतं ते आठवलं की हे उलटं जग वाटतं. पण दोन्हीकडे बाईचं मोल नवऱ्यावरूनच ठरत होतं, नाही का?

दुसरं ठिकाण लियाँ. पॅरिसहून दक्षिणेला दोन तासांवर. खाण्यापिण्याचं हे माहेरघर, आणि ते नाव त्याला मिळवून दिलं बायकांनी. श्रीमंत घरांतून स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी बाहेर पडून स्वतःच्या खानावळी काढल्या. गिऱ्हाइकं त्यांना 'मेर' म्हणजे आई म्हणत. त्यांतली सर्वांत नावाजलेली युजेनी ब्राझिये. १८९५ चा जन्म. लहानपणीच आई गेली, डुकरं राखण्यात बालपण गेलं. लग्नाशिवाय मूल झालं म्हणून बापानं घराबाहेर काढलं. लियाँला येऊन तिनं लोकांकडे कामं केली, स्वयंपाक शिकली आणि १९२१ मध्ये र्‍यू र्‍वायाल या रस्त्यावर छोटीशी खानावळ उघडली. ती जागा आजही चालू आहे. तिथली 'अर्ध्या सुतकातली कोंबडी' प्रसिद्ध. घाबरू नका! पांढऱ्या कोंबडीच्या कातडीखाली ट्रफल नावाच्या काळ्या अळंबीच्या चकत्या सरकवून ती शिजवतात. काळं-पांढरं दिसतं म्हणून हे नाव. १९३३ मध्ये तिच्या दोन्ही खानावळींना मिशलँच्या मार्गदर्शिकेनं तीन-तीन तारे दिले. पुढे जगप्रसिद्ध झालेला पोल बोक्युझ उमेदवारीला तिच्याच हाताखाली होता.

हाताला चव तर घरोघरच्या बायकांच्या असते. पण घरातल्या चुलीशी कितीही राबलं तरी त्याचा हिशेब कुठल्या वहीत लिहिला जात नाही. ब्राझियेबाईंनी तीच चव स्वतःच्या नावाच्या पाटीखाली विकली. फरक पडला तो तिथं.

मत, आणि मग पासबुक

पुन्हा पॅरिसला येऊ या. मताचा अधिकार बायकांना द्यावा, असं लोकसभेनं १९१९ मध्ये ठरवलं, पण वरिष्ठ सभागृहानं १९२२ मध्ये ते फेटाळलं. पुढेही तेच. १९३६ च्या मंत्रिमंडळात तीन बायकांना उपमंत्री केलं. त्यांत मादाम क्युरींची मुलगी इरेन होती, नोबेल मिळवलेली! म्हणजे मंत्रालयात बसायला चालेल, पण मतपेटीपाशी नको.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी देश व्यापला. बायकांनी निरोप पोचवले, लपलेल्यांना आसरा दिला, तुरुंग आणि छळछावण्या सोसल्या. २१ एप्रिल १९४४ च्या वटहुकुमानं अखेर मताचा अधिकार आला आणि २९ एप्रिल १९४५ रोजी नगरपालिकांच्या निवडणुकीत फ्रेंच बाईनं पहिल्यांदा मत दिलं. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, आपल्या आज्यांनी बोटाला शाई लावून घेतली, त्याच्या फक्त साडेसहा वर्षं आधी!

पण मत मिळालं म्हणजे पैसा हाती आला असं नाही. बचत बँकेचं पुस्तक काढायची मुभा १८८१ पासून होती, पण पैसे काढताना नवरा हरकत घेऊ शकत होता. स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला १९०७ मध्ये. आणि नवऱ्याच्या परवानगीवाचून बँकेत खातं उघडायचा, नोकरी धरायचा हक्क मिळाला तो १३ जुलै १९६५ च्या कायद्यानं. हुंड्याची ती जुनी कायदेशीर पद्धतही याच कायद्यानं मोडीत काढली. त्यानंतर १९७० मध्ये मुलांवर बापाइतकाच आईचा अधिकार मानला गेला. संसाराच्या मिळकतीचा कारभार दोघांनी बरोबरीनं पाहायचा, हे ठरायला १९८५ उजाडलं.

मोठ्या माणसांच्या पंगतीत

आता शेवटचं ठिकाण, पँथिऑन. फ्रान्सच्या थोरांचं हे समाधिमंदिर. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, थोर 'ओम'ना कृतज्ञ मायभूमीकडून. पुन्हा तोच शब्द! इथं पहिली बाई आली १९०७ मध्ये, सोफी बेर्तलो. का, तर शास्त्रज्ञ नवरा आणि ती एकाच दिवशी वारली, त्यांना वेगळं करायला नको म्हणून. स्वतःच्या कामासाठी पहिली बाई आली ती मादाम क्युरी, १९९५ मध्ये. जिवंतपणी, १९११ मध्ये, याच देशाच्या विज्ञान अकादमीनं तिला सदस्यत्व नाकारलं होतं.

२०१८ मध्ये इथं आल्या सिमोन वेय. सतराव्या वर्षाच्या आतच त्यांना आउशविट्झच्या छावणीत नेलं होतं. आई छावणीतच गेली. परत येऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. वकिली करायचं मनात होतं, पण नवऱ्याला ते पसंत नव्हतं. मध्यम मार्ग म्हणून त्या न्यायखात्यात गेल्या. इतक्या कणखर बाईलाही घरात अशी तडजोड करावी लागली! पुढे आरोग्यमंत्री म्हणून नोव्हेंबर १९७४ मध्ये, जवळजवळ सगळे पुरुष बसलेल्या सभागृहात, त्यांनी गर्भपाताच्या कायद्याचं विधेयक मांडलं. चोरून केलेल्या गर्भपातात बायकांचे हाल होतात, हे शांतपणे सांगितलं. नको नको ते ऐकून घेतलं. १९७५ मध्ये कायदा झाला. आपल्याकडे असा कायदा १९७१ मध्येच झाला होता. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सनं हे स्वातंत्र्य थेट राज्यघटनेत लिहून टाकलं. सिमोनबाईंच्या शेजारीच त्यांच्या पतींचीही समाधी आहे. या खेपेला नवरा बायकोच्या मानानं आत आला!

फ्रान्सच्या नगरपालिकांत आजही लग्नं लागतात, कलमं वाचली जातात. पण आता वाचतात ते असं की दोघांनी एकमेकांचा आदर करावा, निष्ठा ठेवावी, एकमेकांना साथ द्यावी आणि कुटुंबाचा कारभार दोघांनी मिळून पाहावा. तिथंही सगळं सुरळीत आहे असं नव्हे. घरकाम तिथल्याही बाईच्याच अंगावर जास्त पडतं. पण आज नवरीला जे ऐकवतात, त्यासाठी कुणी चिखल तुडवला, कुणी मान दिली, कुणी शिव्या खाल्ल्या, एवढं तुम्हांला आता ठाऊक झालं.

तेव्हा मैत्रिणींनो, हा अंक मिटलात की एक छोटं काम करा. कपाटातलं पासबुक बाहेर काढा. त्यावर नाव कुणाचं आहे? त्यात किती आहेत आणि सही कुणाची चालते, हे तुम्हांला ठाऊक आहे? घराच्या कागदावर तुमचं नाव आहे? नसेल तर भांडायला नको. रात्रीची जेवणं उरकली, सगळे निवांत बसले, की शांतपणे विषय काढा. फ्रान्सच्या बाईला या चार ओळींसाठी पावणेदोनशे वर्षं थांबावं लागलं. तुम्हांला उद्या सकाळी बँकेत जाता येईल.